कोंड्याच्या बाटलीवर मिनिटे लिहून द्या

मा. संपादक,

पाऊस सुरू झाला की फार्मसीच्या काउंटरवर कोंड्याच्या शॅम्पूची विचारणा वाढते. त्याबरोबर एक तक्रारही येते: 'मागच्या वेळी नेलेले औषध लागू पडले नाही.' बाटली पाहिली तर औषध बहुधा योग्यच असते. बिघडते ते न्हाणीघरात. डोक्यात तेल मुरलेले असतानाच शॅम्पू चोळला जातो, फेस आला की अर्ध्या मिनिटात पाणी ओतले जाते आणि दोनदा वापरून बाटली कपाटात जाते. त्यामुळे हे औषध वापरायचे कसे, ते सविस्तर सांगण्यासाठी हे पत्र.

कोंडा म्हणजे डोक्याची अस्वच्छता नव्हे, आणि तो एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. मॅलॅसेझिया नावाची अतिसूक्ष्म बुरशी प्रत्येकाच्या टाळूवर असते. मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1874 साली तिचे वर्णन केले, तिचे नावही त्याच्यावरूनच पडले. या बुरशीला स्वतःला लागणारी मेदाम्ले तयार करता येत नाहीत. टाळूच्या ग्रंथींतून येणारा तेलकट स्राव ती फोडते, हवे तेवढे घेते आणि ओलेइक आम्लासारखे उरलेले पदार्थ तिथेच सोडते. काहींच्या टाळूला ते मुळीच बाधत नाहीत. काहींची टाळू मात्र चिडते, खाज सुटते आणि एरवी साधारण महिनाभरात झडणारी त्वचा घाईघाईने, कच्चीच, पुंजक्यांनी सुटते. खांद्यावर पडतो तो हाच कोंडा. ग्रंथींचा स्राव वयात येताना वाढतो, म्हणून कोंड्याची सुरुवातही बहुधा त्याच वयात होते.

आता तेलाविषयी. या विषयावर आपल्याकडे सर्वांत जास्त गैरसमज आहे. 'टाळू कोरडी पडली म्हणून कोंडा झाला, तेल थापा' हा सल्ला घरोघरी मिळतो. प्रयोगशाळेत ही बुरशी वाढवायची तर बशीतल्या खाद्यावर ऑलिव्ह तेल घालावे लागते, त्याशिवाय ती नीट वाढतच नाही. रात्रभर डोक्यात तेल ठेवणे म्हणजे तिला पंगत वाढण्यासारखेच आहे. तेलाने सुटे कण टाळूला चिकटतात, दोन दिवस कोंडा दिसत नाही, म्हणून गुण आला असे वाटते. गावच्या घाण्यावरच्या खोबरेलाला यात नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यातले लॉरिक आम्ल केसाच्या दांड्यात शिरते आणि धुताना होणारी केसाची झीज कमी करते. तेव्हा खोबरेल जरूर लावावे, पण कोंडा असताना ते केसांच्या लांबीला, टाळू सोडून, न्हाण्याआधी अर्धा तास लावावे आणि त्याच न्हाण्यात धुवून काढावे.

न्हाण्याची रीत अशी. आधी साध्या सौम्य शॅम्पूने तेल, घाम, धूळ काढून टाका. हे टाळले तर औषध तेलाच्या थरावरच राहते. मग औषधी शॅम्पू घ्या: आखूड केसांना एक छोटा चमचा, म्हणजे 5 मिली, लांब केसांना दोन. तो केसांवर ओतू नका. बोटांनी भांग पाडत पाडत टाळूवर लावा, कानांमागे आणि मानेच्या वर विसरू नका. बोटांच्या पेरांनी हलके चोळा, नखे लावू नका, कारण ओरखड्यातून जंतुसंसर्ग होतो. मग घड्याळात पाहून 5 मिनिटे थांबा. औषधाला टाळूवर काम करायला ही मिनिटे लागतातच. नंतर कोमट पाण्याने भरपूर धुवा. कंडिशनर लावायचा तर केसांच्या खालच्या अर्ध्या भागालाच लावा.

कीटोकोनॅझोल हे बुरशीनाशक औषध 2 टक्के असलेला शॅम्पू आठवड्यातून 2 वेळा, मध्ये किमान 3 दिवस ठेवून, 4 आठवडे वापरावा. त्यानंतर आठवड्याने किंवा पंधरवड्याने एकदा. ही शेवटची पायरी जवळजवळ सगळेच गाळतात आणि मग कोंडा 'परत आला' म्हणतात. बुरशी कायमची जात नसते. तिला आवरून धरावे लागते. झिंक पायरिथिऑनचे शॅम्पू सौम्य असतात, आठवड्यातून 2-3 वेळा चालतात. सेलेनियम सल्फाइडची बाटली आधी नीट हलवावी, अंगठ्या आणि कर्णफुले उतरवून ठेवावीत, कारण त्याने धातू खराब होतो. केस रंगवले असतील तर त्याआधी आणि नंतर 2 दिवस ते टाळावे. पापुद्रा जाड असेल तर सॅलिसिलिक आम्लाचा शॅम्पू आधी तो सैल करतो. कोळशाच्या डांबराचे शॅम्पूही गुणकारी असतात, पण पांढऱ्या केसांवर डाग पडतात आणि त्वचा उन्हाला हळवी होते. पूर्ण 4 आठवडे नीट वापरून उतार पडला नाही, तरच दुसऱ्या घटकाकडे वळावे. कीटोकोनॅझोलच्या गोळ्या मात्र मनाने कधीही घेऊ नयेत. त्या यकृताला अपाय करू शकतात. शॅम्पूतून ते रक्तात जवळजवळ उतरतच नाही.

घरगुती उपायांपैकी लिंबू सर्वांत त्रासदायक. आम्लता मोजण्याच्या मापात (pH) आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र: टाळूचा आकडा साडेपाचच्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा दोन-अडीच. चिडलेल्या टाळूवर तो आगच करतो. शिवाय रस कपाळावर ओघळला आणि माणूस उन्हात गेला, तर तिथे भाजल्यासारखे पट्टे उठतात व काळे डाग महिनोन् महिने राहतात. खाण्याचा सोडा याच्या उलट, अल्कधर्मी, तोही टाळूला खरवडतो. शिकेकाई आणि रिठ्याने केस स्वच्छ होतात, त्याबद्दल वाद नाही, पण कोंड्यावरचे औषध म्हणून त्यांच्यावर विसंबू नये. शिकेकाईची भुकटी नीट धुतली गेली नाही तर तीच कोंड्यासारखी दिसते.

आपल्या हवेत आणखी दोन गोष्टी सांभाळायला हव्यात. ओल्या केसांचा अंबाडा घालून त्यावर आबोलीच्या फाती माळल्या की टाळू दुपारपर्यंत दमट राहते. केस आधी वाळू द्यावेत, मग खुशाल फुले माळावीत. दुसरे म्हणजे हेल्मेट. म्हापसा ते पणजी रोज स्कूटरने जाणाऱ्याचे डोके घामाने निथळते. आत सुती रुमाल बांधावा, तो रोज बदलावा. हेल्मेटचे अस्तर निघत असेल तर आठवड्याने धुवून पूर्ण वाळवावे. हेल्मेट वापरणे मात्र सोडू नये.

डोक्यातला प्रत्येक पांढरा कण कोंडा नसतो. केसाला घट्ट चिकटलेला, बोटाने न सरकणारा कण म्हणजे लीख, तिथे उवांचे औषध हवे. केसांच्या रेषेबाहेर कपाळावर उतरलेले जाड, रुपेरी खवले, सोबत कोपरा-गुडघ्यांवर तसेच चट्टे, हे सोरायसिसचे लक्षण. शाळकरी मुलाच्या डोक्यावर केस तुटलेला गोल चट्टा दिसला तर ते गजकर्ण असण्याची शक्यता मोठी, आणि ते नुसत्या शॅम्पूने बरे होत नाही, पोटातून औषध लागते. केसांचा रंग किंवा 'काळी मेंदी' लावल्यावर एक-दोन दिवसांत खाज, कानांवर लाली, पापण्यांना सूज आली तर ती ॲलर्जी समजावी आणि तो रंग पुन्हा वापरू नये. अशा वेळी, किंवा कोंडा अचानक उसळून भुवया, नाकाच्या कडा, छाती इथपर्यंत पसरला असेल तर, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, त्वचारोग विभाग आहे.

स्टेरॉइड मिसळलेली मलमे चिठ्ठीशिवाय मागू नयेत आणि फार्मसीवाल्यांनी ती देऊ नयेत. खाज एका दिवसात थांबते म्हणून ती लोकप्रिय आहेत. बंद केली की खाज दुपटीने येते, आणि चेहऱ्यावर लावत राहिल्यास कातडी पातळ होते.

राज्यातल्या सर्व फार्मसींना एक कळकळीची विनंती आहे. गोळ्यांच्या पाकिटावर आपण सकाळ-दुपार-रात्र लिहून देतो. तसेच शॅम्पूच्या बाटलीवर पेनने तीन आकडे लिहून द्यावेत: 5 मिनिटे, आठवड्यातून 2 वेळा, 4 आठवडे. लेबलावरची बारीक इंग्रजी अक्षरे आमच्याकडे येणाऱ्या आयाबायांना वाचता येत नाहीत. आणि आपल्या पुरवण्यांत केसांच्या काळजीवर मजकूर छापताना त्यात हे तीन आकडे यावेत, अशी विनंती आपल्यालाही आहे.

— एक फार्मासिस्ट, फोंडा