वहिनी, ती पुडी डाळीत टाकू नका

हॅमिल्टन, ओंटारिओ
२२ नोव्हेंबर

सौ. वहिनीस,
सप्रेम नमस्कार.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण तुमचा फोन म्हणजे ओट्यावरची चावडी. स्पीकर चालू, माय शेजारी वाती वळतेय, दळण घेऊन आलेली काकू दारातच उभी. आणि व्हॉट्सअ‍ॅप उघडणार पोरगा. म्हणून पत्र. इथली एक भुसावळची मुलगी बहिणीच्या लग्नाला निघालीय, तिच्याजवळ देते. तुमच्याच हातात द्यायचं, दादाच्या नाही, असं तिला दोनदा बजावलंय.

परवा तुम्ही आवाज खाली करून सांगितलंत की धुळ्याच्या एका माणसाकडून पुडी आणलीय, डाळीत मिसळायची, दादाला कळणारही नाही आणि महिन्याभरात दारू सुटेल. मी 'बरं' म्हणून विषय बदलला, कारण मागून मायचा खोकला ऐकू आला. वहिनी, ती पुडी डाळीत टाकू नका. शेवभाजीत नको, चहात नको, कशातच नको.

'न सांगता दारू सोडवा' ही जाहिरात आपण लहानपणापासून एसटी स्टँडच्या भिंतीवर वाचत आलोय. पुडीत काय आहे ते मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. कधी नुसती झाडपाल्याची भुकटी असते, मग पैशांवर भागतं. कधी त्यात डायसल्फिरामची गोळी कुटून घातलेली असते. ते औषध खोटं नाही. डॉक्टरही देतात, पण माणसाला समोर बसवून, त्याचा होकार घेऊन, लिव्हर आणि हृदय तपासून. ते अंगात असताना दारू प्यायली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी कोसळतं. हृदय अधू असेल तर माणूस हातचा जातो. गोळी बंद केल्यावरही तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ज्याला माहीत आहे तो त्या धाकाने बाटलीपासून लांब राहतो, औषधाचं काम तेवढंच. ज्याला माहीतच नाही तो रोजच्यासारखा संध्याकाळी बसणार, आणि रात्री अकराला तुम्ही एकट्या रिक्षा शोधत फिरणार. पुडी फेकूनही देऊ नका. डॉक्टरकडे जाल तेव्हा सोबत न्या, दाखवा.

दुसरी गोष्ट तुम्ही सहज बोलून गेलात, त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी दादाच्या हातातली बशी हिंदकळते म्हणून आता स्टीलच्या ग्लासात अर्धाच चहा देते, असं म्हणालात. मी काम करते त्या समुपदेशन केंद्रात पहिल्याच फोनवर हा प्रश्न विचारतात: सकाळी हात कापतात का, आणि थोडी घेतली की थांबतात का? उत्तर 'हो' आलं की आम्ही 'आजपासून बंद करा' असं म्हणत नाही. आधी डॉक्टर. अंगाला दारूची सवय झाली असेल तर ती एकदम तोडणं धोक्याचं असतं. शेवटच्या पेल्यानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि दोन-तीन दिवसांनी काहींना नसलेलं दिसायला लागतं.

जिभाऊकाका तुम्ही पाहिलेले नाहीत. मधल्या घरात फेटा बांधलेला फोटो आहे, तेच. मी नऊ वर्षांची होते. कानबाईसमोर शपथ घालून घरच्यांनी त्यांना धान्याच्या खोलीत कोंडलं, 'आठ दिवस कळ काढा, सुटते'. दोन दिवस शिव्या दिल्या. तिसऱ्या रात्री मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले तर काका मांडी घालून गोधडीवरून काहीतरी वेचत होते. चिमटीने उचलायचे, बाजूला ठेवायचे, परत उचलायचे. मला म्हणाले, पोरी, मुंग्या बघ किती. गोधडीवर काहीच नव्हतं. भगत आला, लिंबू उतरवलं, आणि पहाटे काका गेले. 'बाहेरचं झालं' असं सगळे म्हणाले आणि आजही म्हणतात. पंचवीस वर्षांनी इथल्या कॉलेजात बाईंनी दारू अचानक थांबल्यावर होणाऱ्या भ्रमाची लक्षणं फळ्यावर लिहिली. चौथ्या ओळीत होतं, अंथरुणावरून नसलेले किडे वेचणे. मी वर्गातून उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. वहिनी, ती अवस्था दवाखान्यात सांभाळता येते. औषधं आहेत, सलाईन आहे, बी-१ जीवनसत्त्वाची साधी इंजेक्शनं आहेत. काकांना कोंडणाऱ्यांत आप्पाही होते आणि त्यांचा भावावर जीव होता, म्हणून आजवर हे कुणाला सांगितलं नाही. दादाला कोंडायचा विचार कुणाच्या डोक्यात आला तर एवढी गोष्ट त्यांना सांगा.

मायला वाटतं मी हॉस्पिटलात रिसेप्शनवर बसते. तसं फार चूक नाही. धुलाईचं दुकान आणि मेडिकल यांच्या मधे आमचं केंद्र आहे. दारूवाला, गर्दवाला, झोप न येणारा, परीक्षेने घाबरलेलं पोर, सगळे एकाच दारातून येतात, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला कोण कशासाठी आलंय ते कळत नाही. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, पैसे पडत नाहीत. मी पहिलं बोलणं करते आणि पुढच्या माणसाशी गाठ घालून देते. इकडे सगळं छान आहे असं मात्र समजू नका. समुपदेशकाची वेळ मिळायला आठवडेच्या आठवडे जातात. दारूची मोठी दुकानं खुद्द सरकारची आहेत, गांजा २०१८ पासून कायदेशीर आहे, आणि फेंटॅनिल नावाच्या जहाल नशेने बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या नाकात मारायचा फवारा मी पर्समध्ये कंगव्याशेजारी ठेवते. २०२३ साली इथल्या तज्ज्ञांनी सांगितलं की आठवड्याला दोन माप दारूपर्यंत धोका कमी. मी दादाच्या एका क्वार्टरचा हिशोब केला: १८० मिली म्हणजे इथली साडेचार मापं. एका रात्रीत. 'एकच तर घेतो' हे आपण किती वर्षं ऐकतोय!

तुम्ही म्हणालात, हे तयारच नाहीत, मी एकटी जाऊन काय करू? मागे एक बाई आल्या होत्या. नाव-गाव सांगायची मला परवानगी नाही, आपल्याकडच्या होत्या एवढं समजा. बाहेर बर्फ, आत हीटर, तरी तासभर अंगातला कोट काढला नाही आणि पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवलेली. मुलाबद्दलच बोलत होत्या, तो किती पितो, कुठे पितो. आमच्या समुपदेशक बाईंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, 'तुम्ही शेवटच्या कधी रात्रभर झोपलात?' त्या गप्प झाल्या. मग बोटांवर मोजायला लागल्या. मोजता मोजता कोटाची बटणं काढली. मुलगा त्यानंतर कितीतरी महिन्यांनी आला, पण त्या दर मंगळवारी येत राहिल्या, आणि घरातलं वातावरण त्याच्याआधी बदललं होतं.

म्हणून तुमच्यासाठी आधी तुम्हीच जा. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलतात. व्यसनासाठी वेगळा १४४४६ आहे. अमळनेरला बाजाराला जाल तेव्हा बहिणीच्या घरून लावा, आपल्या ओट्यावरून नको. मग धुळ्याला हिरे मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नाहीतर जळगावच्या सिव्हिलला मनोविकार विभागात जाऊन या. केसपेपर तुमच्या नावाने काढला तरी चालेल. पुण्यात मुक्तांगण आहे, अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं. दादा कधी 'जातो' म्हणाला तर ते लक्षात ठेवा. अमेरिकेत १९३५ साली पिणाऱ्यांनीच पिणाऱ्यांसाठी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठका सुरू केल्या, ते अ‍ॅक्रन गाव इथून ईरी तळ्याच्या पलीकडे आहे. आता तशा बैठका महाराष्ट्रातही भरतात, आणि घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या वेगळ्या असतात. तिथे बायका चहा पीत एकमेकींशी बोलतात, उपदेश कुणी कुणाला करत नाही.

घरात काय करायचं ते समुपदेशक नीट सांगतील. माझ्यापुरतं एवढंच: त्याने घेतलेली असताना भांडू नका, त्या वेळी तुम्ही भिंतीशी बोलता. सकाळी, चहा झाल्यावर बोला. सोसायटीच्या सचिवाला 'त्यांना ताप आलाय' असं त्याच्या वतीने सांगणं बंद करा. ज्या संध्याकाळी तो न घेता येईल त्या संध्याकाळी भरीत करा, कळण्याची भाकरी टाका आणि शेजारी बसून जेवा. आणि मागच्या व्हिडिओ कॉलला तुम्ही पूर्ण बाहीचा ब्लाऊज का घातला होता ते मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारतेय. त्याने हात उचलला असेल तर मी त्याची बहीण आहे हे विसरा. १८१ लावा, पोरांना घेऊन माहेरी जा, तिकिटाचे पैसे मी पाठवते.

पैशांवरून आठवलं. जूनमध्ये दादाने बियाण्यासाठी म्हणून मागितले ते मी पाठवले. ऑगस्टमध्ये फवारणीसाठी, तेही पाठवले. आखाजीच्या पत्त्यांत गेलेले मागच्या वर्षीचे तर मला माहीतच होते. दुसऱ्यांना दिवसभर जे सांगते तेच घरी केलं नाही. भाऊ नाराज होईल म्हणून पाठवत राहिले आणि इकडे त्याला माया समजत राहिले. यापुढे पैसे तुमच्या खात्यावर येतील. दादाला तसं मीच सांगेन, तुमच्यावर नाव येऊ देणार नाही.

पोराबद्दल. मला रात्री त्याचा मेसेज आला होता, 'आत्या, बारावी करून काय होणार, आपण असलो काय नसलो काय.' मी लगेच फोन केला, तासभर बोललो, आता तसा ठीक आहे. पण ही बोलण्याची पद्धत म्हणून सोडून देऊ नका. त्याला एकट्याला गाठा, गाडीवर मागे बसवून शेतात न्या हवं तर, आणि आपल्या अहिराणीतच विचारा, 'तुले काय व्हई ऱ्हायनं रे?' मरायचे विचार येतात का, हेही सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, उलट पोरं मोकळी होतात. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, कपाशीच्या फवारणीचे डबे कुलपात टाका, किल्ली तुमच्या कमरेला, आणि त्याच्यासमोरच १४४१६ लावा. पोलिसांचं लचांड मागे लागेल ही भीती मायला वाटेल. २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसालाही ताणाखाली असलेला मानतो, त्याची काळजी घेणं सरकारवर आहे. इथे १२ ते २५ वयाच्या पोरांसाठी वेगळी केंद्रं आहेत, शाळा सुटल्यावर पोरं दप्तरासकट येतात, पिझ्झा खातात, कधी बोलतात कधी नाही. आपल्याकडे तसं दार नसलं तरी आत्या आहे, मामा आहे, एखादे जवळचे सर आहेत. बापाच्या वासाबद्दल तो कुणाशीतरी बोलू दे.

एक मायला सांगू नका. पहिल्या हिवाळ्यात मी फोन उचलायचे नाही, तेव्हा 'थंडीने घसा बसलाय' असं सांगितलं होतं. घसा बरा होता. पावणेपाचला अंधार पडायचा, गोदामातली पाळी संपली की मी गाडीत बसून राहायचे, चावी फिरवायला हात उठायचा नाही. एकदा तर दोन तास. मेडिकलच्या काचेवर एक नंबर चिकटवलेला होता. तीनदा लावून तीनदा कट केला, चौथ्यांदा पलीकडून बाई म्हणाली, 'काही बोलायची घाई नाही, मी आहे.' सहा वेळा गेले मी. नंतरच हे शिकायचं डोक्यात आलं. म्हणजे तुम्हाला जा म्हणतेय ते वरून सांगत नाहीये.

मुलीजवळ दोन स्वेटर दिलेत, राखाडी मायचा. तिच्याच हाती कळण्याचं पीठ पाठवा, ठेचा नको, मागच्या वेळी बॅगेत सांडला आणि विमानतळावर सगळे माझ्याकडे बघत होते. कापसाची दुसरी वेचणी झाली का? मजूर मिळाले का?

रविवारी तुमच्या सकाळी आठला फोन करते, तेव्हा माझे शनिवारचे रात्रीचे साडेनऊ असतील. दादा रानात गेलेला असेल. फोन घेऊन गच्चीवर जा आणि स्पीकर बंद ठेवा.

तुमची,
ताई