टायमिंग चेनच्या खर्चाची फोड मागा

महोदय,

फॅमिली सेडानच्या टायमिंग चेनचे एस्टिमेट हातात पडले की गाडीमालक हमखास विचारतो, 'एका चेनला एवढे पैसे?' प्रश्न रास्त आहे, पण पैसे चेनचे नसतातच. क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना एका तालात फिरवणारी ही चेन असते इंजिनाच्या पुढच्या कव्हरच्या आत. आडव्या बसवलेल्या चार सिलिंडरच्या इंजिनात तिथे हात पोहोचायला त्या बाजूचे चाक, बाहेरचा पट्टा, क्रँक पुली, व्हॉल्व्ह कव्हर आणि एक फाउंडेशन (इंजिनाचा रबरी आधार) काढावे लागते, इंजिन खालून जॅकवर पेलून धरावे लागते. ६ ते १० तास सहज जातात. काही इंजिनांत चेन गिअरबॉक्सच्या बाजूला असते (बीएमडब्ल्यूचे एन४७ डिझेल त्यासाठीच बदनाम आहे). तिथे इंजिन नाहीतर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि मजुरीचा आकडा पार बदलतो.

म्हणूनच उघडण्याआधी निदान पक्के हवे. सकाळी स्टार्ट करताना दोन-तीन सेकंद खडखड झाली म्हणजे चेन गेली, असे नाही. चेन ताणून धरणारा टेन्शनर बहुधा ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल कमी असेल, किंवा स्वस्तातल्या फिल्टरमधला झडपेचा रबर ऑइल अडवून धरत नसेल, तरी असाच आवाज येतो. स्कॅनरवर पी००१६ कोड आला, तर तो क्रँक आणि कॅमचा मेळ जुळत नाही एवढेच सांगतो. त्यामागे गाळाने तुंबलेला व्हीव्हीटी सोलेनॉइडही (कॅमची वेळ मागे-पुढे करणाऱ्या ऑइलची विजेवर चालणारी झडप) असू शकतो, आणि तो बाहेरून तासाभरात निघतो. आधी ऑइलची पातळी, मग ऑइल-फिल्टर, मग सोलेनॉइड, आणि त्यानंतर चेन, हा क्रम आहे. नुसता कोड वाचून कव्हर खोलायला निघालेल्या गॅरेजला थांबवा.

चेन 'ताणते' म्हणतात, प्रत्यक्षात तिच्या पिना झिजतात. एका सांध्यात ०.०२ मिलिमीटर झीज झाली तरी १५० सांध्यांत ३ मिलिमीटर होते, आणि तेवढ्यानेही कॅम मागे पडतो. वेळेवर न बदललेले काळे ऑइल हे काम सर्वांत झपाट्याने करते. 'चेन आयुष्यभर टिकते' हे वाक्य ऑइल वेळेवर बदलणाऱ्यालाच लागू आहे.

पैसे वाचवायला लोक नेमके चुकीचे सामान यादीतून गाळतात. नुसती चेन बदलून जुने स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ती दात्यांची चाके) ठेवले, तर झिजलेले दात नवी चेन खातात. चेनला वाटेवर ठेवणारे प्लास्टिकचे गाइड आणि टेन्शनर तर बदललेच पाहिजेत. त्यासाठी पुन्हा कव्हर उघडायचे म्हणजे सगळी मजुरी दुसऱ्यांदा. पुढचे ऑइल सील, कव्हरचे गॅस्केट किंवा सिलिकॉन, ऑइल, फिल्टर आणि बऱ्याच इंजिनांत एकदाच वापरायचा क्रँक पुलीचा बोल्ट, एवढे यादीत हवेच. गाइड तुटलेला असेल, तर चेंबर (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे) उतरवून ऑइल पंपाची जाळी साफ करणे वगळू नका. प्लास्टिकचे तुकडे तिथे अडकतात, दाब घटतो आणि नवा टेन्शनरही खडखडू लागतो.

चेनने स्प्रॉकेटचे दात सोडले असतील, तर हिशेबच वेगळा. बहुतेक आधुनिक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. गाडी बंद पडल्यावर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नये तो यासाठी. अशा वेळी नवी किट घेण्याआधी कॉम्प्रेशन किंवा लीकडाउन टेस्ट (सिलिंडर दाब धरतो का, ते पाहणारी) करून घ्यावी. व्हॉल्व्ह वाकले असतील, तर हेडचे (व्हॉल्व्ह बसतात त्या इंजिनाच्या वरच्या भागाचे) काम वाढते आणि पहिले एस्टिमेट कागदावरच राहते.

जोडणीतली एक गोष्ट मालकानेही बघावी. टेन्शनरचा दांडा दाबून धरणारी पिन काढल्यावर, कव्हर लावण्याआधी, क्रँक हाताने पूर्ण २ फेरे फिरवतात. कॅमचा तेव्हा एकच फेरा होतो. कुठे अडकले तर पाना तिथेच थांबतो, व्हॉल्व्ह वाचतात. स्प्रॉकेटवरच्या खुणा पुन्हा जुळायला हव्यात. चेनच्या रंगीत कड्या मात्र त्या खुणांवर परत येत नाहीत, त्या फक्त बसवतानाच्या. ते पाहून घाबरू नये. सिलिकॉन सुकायला पाकिटावर लिहिलेला वेळ न देता ऑइल भरणाऱ्याकडून गळती ठरलेली.

आणि जुने सामान परत मागा. गाइडवर चेनच्या खोल चऱ्या दिसल्या, तर काम गरजेचे होते. टेन्शनरचा दांडा किती बाहेर आला होता, त्याचा फोटो मात्र तो काढण्याआधीच घ्यायला सांगा. एकदा हातात आला की दांडा तसाही बाहेर येतो, आणि मग त्यावरून काहीच कळत नाही.

– एक मोटार मेकॅनिक