बटणं आहेत तिथेच राहतील

ती. आई-बाबांना,
सा. न.

घरातले दिवे आणि विहिरीची मोटर आपोआप चालावी म्हणून पाऊस उघडला की वायरमन येईल, त्यालाही हे पत्र वाचायला द्या. एकही बटण काढायचं नाही. नेट गेलं, फोन सापडत नसला, तरी बटण दाबलं की दिवा लागलाच पाहिजे.

झिगबीचं (बिनतारी निरोपावर चालणारं) रिले मॉड्यूल, म्हणजे दिवा चालू-बंद करणारी डबी, बटणामागच्या पेटीत मावतं, पण त्याला न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) लागतो आणि आपल्या जुन्या बोर्डांत नुसता फेज (वीज आणणारी वायर) उतरवलाय. बिनन्यूट्रलचं मॉड्यूल घेतलं तर बंद केलेला एलईडीही मिणमिणत राहतो. शिवाय तसलं मॉड्यूल सहसा दुसऱ्याचा निरोप पुढे देत नाही. चिऱ्याच्या भिंतींतून ओटीवरचा निरोप न्हाणीघरापर्यंत एका दमात पोचत नाही, मधल्या मॉड्यूलांनी तो हातोहात द्यावा लागतो. म्हणून आधी न्यूट्रल ओढून घ्या. सगळ्या मॉड्यूलांना निरोप देणारा हब इन्व्हर्टरवर ठेवायचा आणि नियम त्याच्यातच साठवायचे. ‘वीज परत आल्यावर बंद’ ही सेटिंग राहून गेली, तर रात्री दोनला लाईट येताच घरभर दिवे पेटतील!

आई, न्हाणीघराच्या वाटेवर गुडघ्याएवढ्या उंचीवर हालचाल ओळखणारा सेन्सर बसेल, वाटेला आडवा बघणारा. समोरून चालत येणारं माणूस त्याला उशिरा कळतं. दिवा मंद, पिवळसर, दहा मिनिटांचा. दोनच मिनिटं ठेवला तर तू दार उघडशील तेव्हा बाहेर अंधार. पाल सेन्सरवरून फिरली तरी दिवा लागेल, त्याला इलाज नाही. पडवीत मात्र सेन्सर नको, खाऱ्या हवेने सेलच्या पट्ट्या गंजतात.

बाबा, खरं जपायचं ते मोटरला. १ एचपीची मोटर चालताना साधारण ५-६ अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या पाच-सहापट. १० अँपिअरच्या रिलेचे पॉइंट त्या झटक्यात चिकटू शकतात, मग मोटर थांबतच नाही. वैशाखात विहीर तळाला गेलेली असताना ती कोरडी फिरून जळेल. मॉड्यूलने फक्त कॉन्टॅक्टरची (मोटरसाठीच्या दणकट रिलेची) कॉइल चालवायची, मोटरचा भार कॉन्टॅक्टरवर. टाकीतला फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा) त्याच कॉइलच्या वायरीत घाला, म्हणजे हब बंद पडला तरी टाकी भरताच मोटर थांबेल. मोटर कोरडी फिरू नये म्हणून ड्राय-रन प्रोटेक्शन वेगळं हवंच. फ्लोटची वायर पाण्यात असते, तेव्हा वीज गळताच पुरवठा तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी टेस्टचं बटण दाबून आधी तपासा.

मोटरच्या पट्टीवरचे एचपी आणि अँपिअर चष्मा लावून नीट वाचून कळवा. कॉन्टॅक्टर त्यावरूनच घ्यायचाय.

तुमची लेक