खजिना उचलणे म्हणजे उत्खनन नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्हिडिओ गेममधली पुरातत्त्वज्ञ म्हटले की लारा क्रॉफ्ट आठवते. १९९६पासून ती थडग्यांत शिरते आणि हवी ती वस्तू उचलून बाहेर पडते. २०१७च्या ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ने हाच प्रकार आपल्या पश्चिम घाटात आणला. गणपतीच्या दाताच्या शोधात नायिका होयसळांच्या अवशेषांवरून चढते, उड्या मारते आणि तिच्या पाठोपाठ बांधकामे कोसळत जातात. दृश्ये देखणी आहेत, हे मान्य. शेवटी तो दात सरकारच्या हवाली करण्याचे बोलणेही होते. पण त्याने काय साधते? तो कुठे, कोणत्या थरात, कशाशेजारी होता, ही माहिती तोवर मातीमोल झालेली असते.

मी शिरूर तालुक्यात इतिहास शिकवतो. याच तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन केले. मुलांना त्याविषयी सांगू लागलो की हल्ली पहिला प्रश्न येतो, ‘सर, खजिना सापडला का?’ ही मुले गेमचे व्हिडिओ तासन् तास पाहतात. त्यांना दोष कसा देऊ?

इनामगावला घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले दोन-दोन कुंभ मिळाले. त्यांत लहान मुले पुरलेली होती. ते कुंभ कुणी परस्पर उपसून नेले असते, तर आज ती नुसती दोन मडकी उरली असती. जागेवर सापडले म्हणून कळले की तीन हजार वर्षांपूर्वी इथले आईबाप गेलेले मूल घरातच ठेवत. खालच्या, म्हणजे जुन्या थरांत ऐसपैस चौकोनी घरे, तर वरच्या, म्हणजे नंतरच्या थरांत लहान गोल झोपड्या. या क्रमावरून इसवी सनपूर्व १०००च्या सुमारास गावाला आलेली उतरती कळा लक्षात आली आणि संशोधकांनी तिचा संबंध घटत्या पावसाशी जोडला. त्यामागे खुरपी, ब्रश, चाळणी, मोजमापे आणि नोंदवह्या घेऊन केलेली वर्षानुवर्षांची मेहनत होती.

गुप्तधनाच्या हव्यासापायी जुन्या देवळांत, गडांवर रात्री खड्डे खणणारे लोक आपल्याकडे आहेतच. ते गेम पाहून खणतात, असे मी म्हणत नाही. पण त्यांचीच नजर पडद्यावर पराक्रम म्हणून मिरवते, याचे मला फार वाईट वाटते.

वेगळे करता येते. ‘असॅसिन्स क्रीड : ओरिजिन्स’मध्ये २०१८ साली मारामारी पूर्ण वगळून प्राचीन इजिप्त नुसते फिरून पाहण्याची सोय दिली गेली. मला याच्याही पुढचे हवे आहे. नोंद न करता वस्तू उपसली तर गुण कापले जावेत, आणि थर नीट उकलला तरच पुढची पायरी खुली व्हावी. पुण्यात गेम बनवणारे तरुण आहेत, पुरातत्त्व शिकवणारी संस्थाही आहे. दोघांनी इनामगावावर असा खेळ करावा. आपल्या तंत्रज्ञानविषयक पानावर अशा गेमची परीक्षणे छापताना सोबत एखाद्या पुरातत्त्वज्ञाचा अभिप्रायही द्यावा, ही विनंती.

– इतिहासाचा एक शिक्षक, शिरूर (जि. पुणे)