पुस्तक भावाच्या कार्डावर देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही वाचनालयातून निवृत्त झाल्याचं परवा कळलं. तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते, म्हणून हे जाहीर पत्र.

मी आठवीत होते आणि धाकटा भाऊ सहावीत, तेव्हा देवघेवीच्या टेबलावरून तुम्ही आम्हाला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलंत. आयरिश लेखक मायकल स्कॉट यांच्या निकोलस फ्लामेल मालिकेचा पहिला भाग. २००७ ते २०१२ या काळात आलेली सहा पुस्तकं, आणि मध्यभागी सॅन फ्रान्सिस्कोतली पंधरा वर्षांची जुळी भावंडं, सोफी आणि जॉश. जॉश पुस्तकांच्या दुकानात काम करतो, सोफी समोरच्या कॉफीच्या दुकानात. पुस्तकांच्या दुकानाचा मालक निघतो शेकडो वर्षं जगलेला किमयागार निकोलस फ्लामेल, आणि भावंडांच्या अंगात दडलेली शक्ती बाहेर येऊ लागते. सोफीचं तेजोवलय चंदेरी, त्याला व्हॅनिलाचा वास. जॉशचं सोनेरी, संत्र्याच्या वासाचं.

मी ते पुस्तक माझ्या नावावर मागितलं होतं. तुम्ही म्हणालात, "हे त्याच्या कार्डावर देते. पुढचा भागही तोच न्यायला येईल." मला तेव्हा रागच आला. भाऊ पुस्तकाला हात लावत नसे, इंग्रजी तर नाहीच. पण पुढचा भाग हवा तर त्याला सोबत घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मग जेवणानंतर गच्चीत बसून मी मोठ्यानं वाचायचे आणि तो ऐकायचा. पुढे पुढे एक प्रकरण मी, एक तो, असं सुरू झालं. तो अडखळला की थांबायचं आणि शब्द लगेच सांगायचा नाही, हेही तुम्हीच बजावलं होतंत.

या मालिकेत सोफीची शक्ती आधी जागी होते. जॉश नुसता बघत उभा राहतो. त्याचीही पाळी येते, पण तोवर त्याच्या मनात काहीतरी बिनसलेलं असतं. हे प्रकरण वाचताना मी म्हटलं, "किती जळतोय हा!" तर भाऊ म्हणाला, "जळत नाहीये गं, घाबरलाय. ती पुढे जाईल आणि हा एकटा मागे राहील म्हणून." आमच्या घरी पाहुण्यांना आधी माझे मार्क सांगितले जायचे. तो काय बोलतोय ते मला लख्ख कळलं. त्याच्याशी अभ्यासाबद्दल न बोलता फक्त त्याच्याशी बोलायला मी त्या रात्रीपासून लागले.

तुमचं आणखी एक ऋण आहे. जुळी भावंडं सोडली तर यातली जवळजवळ सगळी माणसं इतिहासातली नाहीतर पुराणकथांतली आहेत, हे तुम्ही सांगितलंत आणि भावाला शोधाचं वेडच लागलं. फ्लामेलनं १४०७ साली बांधलेलं घर पॅरिसमध्ये आजही उभं आहे, खलनायक जॉन डी खरोखरच पहिल्या एलिझाबेथ राणीचा सल्लागार होता, हे तो धावत येऊन तुम्हाला सांगायचा. तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवून ऐकायचात. त्याचं इतकं लक्ष देऊन ऐकणारं मोठं माणूस तोवर त्याला भेटलं नव्हतं.

चौथ्या भागाच्या शेवटी जॉश बहिणीला सोडून शत्रूकडे जातो. भाऊ फार अस्वस्थ झाला. पाचवा भाग कुणीतरी नेलेला होता. तेव्हा तुम्ही मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग काढून दिलेत आणि म्हणालात, "तोवर हे वाचा. रुसून दार लावून बसलेला भाऊ आणि त्याला हाक मारणारी धाकटी बहीण आपल्याकडेही आहे." चालती भिंत आणि पाठीवर भाजलेले मांडे आम्हाला माहीत होते. पण चमत्कार करू शकणाऱ्या भावंडांनाही एकमेकांना असं समजवावं लागतं, हे तुमच्यामुळे कळलं. माझ्या मते त्या मालिकेचा खरा जीवही तिथेच आहे. लढाया आणि राक्षस पुष्कळ आहेत, काही ठिकाणी जरा जास्तच.

भाऊ आता इतिहासात एम. ए. करतोय. सहाही भागांचा नवा संच आम्ही वाचनालयाला भेट देतोय, कारण जुन्या पहिल्या भागाची पानं सुटली आहेत. दिवाळीत तो द्यायला दोघं येऊ, तेव्हा तुमच्या घरीही येतो. तुमचे खूप खूप आभार, ताई.

तुमची,
एक वाचक आणि तिचा भाऊ