सानोहून आल्यावर

टोकियो, रविवार रात्र

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिले नाही, त्याबद्दल तू मनात जे काही म्हणाला असशील ते मी निमूटपणे पदरात घेतो. प्रकृती ठीक आहे. साखर गोळ्यांवर आहे आणि गुडघ्याचे तेच. आज लिहायला बसलो तो एका वाडगाभर रामेनमुळे, आणि हे दुसऱ्या कोणाला सांगितले तर तो हसेल.

काल सानोला जाऊन आलो. आसाकुसाहून तोबू रेल्वेची गाडी, तातेबायाशीला बदल आणि पुढे तीच रमतगमत जाणारी छोटी गाडी. आपल्या नेहमीच्या रामेनच्या दुकानाबाहेर ते उघडण्याआधीच रांग होती. म्हातारबुवांनी मला ओळखले आणि तुझी चौकशी ‘तो भात मागणारा कसा आहे?’ अशी केली. रश्शात कोंबडीची हाडे असतात हे कळल्यावर तू पहिल्या दिवशी नुसता भात मागितला होतास आणि पुढच्याच आठवड्यात माळ खिशात ठेवून दोन वाडगे संपवले होतेस, हे ते विसरलेले नाहीत. काकूंना मी हे शेवटपर्यंत सांगितले नाही, याची नोंद असावी.

वाडगा समोर आला. सोयासॉसचा रस्सा पूर्वीसारखाच नितळ होता. पण शेवया उचलल्या आणि माझा हात थांबला, कारण सगळ्या एका मापाच्या होत्या. तुला आठवत असेल, तिथली एकच शेवई एका टोकाला चपटी आणि रुंद, तर दुसऱ्या टोकाला बारीक असायची, त्यामुळे एकाच घासात काही मऊ लागायचे आणि काही दातांशी भांडायचे. हिरव्या बांबूचे एक टोक भिंतीतल्या खाचेत अडकवून, दुसऱ्यावर एक तंगडी टाकून म्हातारबुवा उड्या मारायचे आणि त्यांच्याखाली कणकेचा गोळा हळूहळू पसरत जायचा, ते आपण काचेतून किती वेळा पाहिले असेल! शेवयांच्या त्या चिवटपणाला इथे ‘कोशी’ म्हणतात, म्हणजे कंबर. आणि शेवयांना कंबर देता देता माझी गेली, हा विनोद काल त्यांनीच केला. बांबू कोपऱ्यात उभा होता, वाळून पिवळा पडलेला. आतून यंत्राची घरघर येत होती.

वाडगा उचलताना त्यांनी विचारले, ‘‘चव तीच आहे ना?’’ मी म्हणालो, ‘‘तीच आहे.’’

तेव्हापासून माझ्या डोक्यातून हे जात नाही. मैदा तोच, खाराचे पाणी तेच, मग बांबू काय आणि यंत्र काय, असे तू म्हणायचास. आणि ज्याच्या घरी पापडखार घालून उडदाचा उंडा तासभर कुटला जातो त्याने तरी असे बोलू नये, म्हणून मी तुझ्याशी आठवडाभर अबोला धरला होता. ते भांडण मी काल जिंकलो आणि जिंकल्याचे सांगायला तोंड उरले नाही. कारण काकूंचे हात दुखू लागल्यावर त्यांनी बाजारातून तयार लाट्या आणून पापड लाटले, ‘‘तसेच झालेत ना रे?’’ असे विचारले आणि तू ‘‘अगदी तसेच’’ म्हणालास, तेव्हा सांगलीच्या स्टेशनवर तुला तोंडदेखला म्हणणारा मीच होतो. तो शब्द मी परत घेतो. पण परत घेऊनही काही सुटत नाही. आयुष्यभर ज्यांनी हाताने पीठ ओळखले, त्या म्हातारबुवांना माझ्या चेहऱ्यावरून इतके कळले नसेल का? आणि कळले असेल, तर त्यांनी विचारले तरी कशाला? वाडगा मात्र मी तळापर्यंत संपवला, तोंडी लावलेले बांबूचे कोंबही सोडले नाहीत.

तुझ्या घराचे काम संपले असेल असे धरतो. चिन्मयीच्या लग्नाची तारीख कळव, रजा आधी टाकावी लागते. वहिनींना नमस्कार.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा सानोला जाणार आहे. त्याआधी एवढेच लिही: तू खोटे बोललास हे काकूंना कळले होते का? त्या नंतर कधी त्यावर काही बोलल्या का?

तुझा,
श्रीधर