आमच्या ट्रॅक्टरातलं डिझेल लाल नाही, म्हणून वॉरंटी नाही?

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग
(प्रत : विभागीय विक्री व्यवस्थापक)

दिनांक : 15 जानेवारी 2026

विषय : 'अयोग्य इंधन' असा शेरा मारून इंजेक्टरची वॉरंटी नाकारल्याबाबत.

महोदय,

काल दुपारी 37 मिनिटं तुमच्या हेल्पलाइनवर घालवल्यावर हे पत्र लिहितो आहे. ही सहावी वेळ. सातव्यांदा फोन करणार नाही.

ट्रॅक्टर 2024 च्या दसऱ्याला घेतला. 9 लाख 40 हजार रुपये. 55 एचपी, ट्रॅक्टरच्या धुरासाठीच्या नव्या ट्रेम 4 निकषाचं कॉमन रेल इंजिन, म्हणजे एकाच दाबाच्या नळीतून (रेलमधून) सगळ्या इंजेक्टरना डिझेल जातं आणि ते सिलिंडरमध्ये फवारतात. मीटरवर 1,140 तास झालेत, वॉरंटी बरीच शिल्लक आहे. 28 डिसेंबरला दोन ट्रॉल्या ऊस भरून कारखान्याकडे निघालो तर चढाला दम तुटला, पांढरा धूर आणि ठोके. दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून डीलरच्या वर्कशॉपला नेला. तेव्हापासून तिथंच उभा आहे, ऐन गळीत हंगामात. टोळी फडात बसून आहे, मुकादमाची उचल कधीच देऊन झाली आहे आणि तोडलेला ऊस वाळून वजनाला मार खातो. सध्या भाड्याच्या ट्रॅक्टरवर वाहतूक चालू आहे. ती रोज किती खाते ते सोबतच्या पावत्यांत बघा.

आता कालचा फोन. तो सविस्तर लिहितो, कारण 'संभाषण रेकॉर्ड केलं जाईल' असं सुरुवातीला सांगता, पण नंतर ते कुणी ऐकत असेल असं वाटत नाही.

मराठीसाठी तीन दाबलं. मॅडम आल्या. संक्रांतीचा दिवस, म्हणून मीही गोड बोलायचं ठरवलं होतं. त्यांनी विचारलं, "सर, आपण ट्रॅक्टरमध्ये कोणतं डिझेल वापरता? ऑन-रोड, ऑफ-रोड, की हीटिंग ऑइल?"

मी म्हटलं, "पंपावरचं."

"पंपावरचं म्हणजे ऑन-रोड, सर. ट्रॅक्टर हे ऑफ-रोड वाहन आहे."

मी म्हटलं, मॅडम, तो नोव्हेंबर ते मार्च कारखान्याच्या रस्त्यावर असतो आणि बाकीचे दिवस रानात रोटाव्हेटर ओढतो. बांध ओलांडला की टाकी रिकामी करून दुसरं भरू का? त्यावर थोडा वेळ नुसतं संगीत. मग, "सर, ऑफ-रोड डिझेल लाल रंगाचं असतं. आपलं कोणत्या रंगाचं आहे?"

"फिकट पिवळसर."

"म्हणजे लाल नाही?"

"नाही."

"मग मी 'अयोग्य इंधन' असं नोंदवते. आणि सर, घर गरम करायला जे तेल वापरतो ते चुकून टाकीत ओतलं गेलं नाही ना?"

महोदय, मी वाळवा तालुक्यात राहतो. आमचं घर गरम करायला वरचा पत्रा पुरतो. घरात तापवतो ते अंघोळीचं पाणी, तेही बंबात, चिपाडं आणि शेणकुटं घालून. एवढं सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते "हीटिंग ऑइल : ग्राहकाला खात्री नाही" असं टाइप करताना मोठ्यानं वाचलं. मग त्यांचे सीनियर आले आणि म्हणाले, "काका, मॅन्युअल नीट वाचत जा." आणि फोन ठेवला.

वाचलं, साहेब. मागं इंग्रजी भाग आहे तो तुमच्या निर्यातीच्या मॉडेलचा, तसाच्या तसा चिकटवलेला. मॅडमची प्रश्नावलीही तिथूनच उचललेली दिसते. तुम्ही अमेरिकेत ट्रॅक्टर विकता, चांगली गोष्ट आहे. पण मग तिकडचं तरी पूर्ण उचला. माझा भाचा पेनसिल्व्हेनियात असतो, त्याच्या तळघरात घर तापवायच्या तेलाची टाकी आहे. रात्री त्याला फोन केला. आधी पाच मिनिटं तो हसला, मग नीट समजावून सांगितलं. तुम्हाला हे माहीत असणारच. तुमच्या प्रश्नावलीला माहीत नाही, म्हणून लिहितो.

तिकडे रस्त्यावरच्या डिझेलवर केंद्राचा गॅलनमागे 24.4 सेंट कर आहे, वर राज्याचा वेगळा. शेतातला ट्रॅक्टर रस्ता झिजवत नाही म्हणून त्याला हा कर माफ. कर न भरलेलं डिझेल ओळखू यावं म्हणून त्यात लाल रंग घालतात. म्हणजे लाल रंग कराचा आहे. तो इंजिनाच्या तब्येतीसाठी घातलेला नाही. लाल डिझेल ट्रकच्या टाकीत सापडलं तर कमीत कमी 1,000 डॉलर दंड. उलट, रस्त्यावरचं डिझेल ट्रॅक्टरात घातलं तर फक्त खिशाला भोक पडतं, इंजेक्टरला नाही. शेतीच्या डिझेललाही 2010 पासून तिकडे रस्त्यावरच्या डिझेलचीच गंधकाची 15 पीपीएमची (दहा लाख भागांत 15) अट लागू झाली. वेगळं आहे ते घर तापवायचं तेल. ते भट्टीत जाळायचं, त्यामुळे त्याच्या मानकात सीटेनची (इंजिनात तेल किती चटकन पेटतं त्या आकड्याची) अट नाही, आणि गंधक किती चालेल हे राज्याराज्यावर. ते कॉमन रेलमध्ये ओतलं तर वॉरंटी नाकारा, मी स्वतः सही करून देतो. पण तेही लालच असतं! म्हणजे काल मी "लाल आहे" म्हटलं असतं तर तुमच्या मॅडमनी भट्टीचं तेल आनंदानं 'योग्य इंधन' म्हणून नोंदवलं असतं.

आता आपल्याकडचं. 1 एप्रिल 2020 पासून देशभर पंपावर बीएस-6 डिझेल मिळतं, गंधक जास्तीत जास्त 10 पीपीएम. तुमच्या मॅन्युअलमध्ये 15 च्या आत हवं असं लिहिलंय. 10 हे 15 पेक्षा कमी असतात, हे आमच्याकडे पहिलीत शिकवतात. शेतकऱ्यासाठी वेगळं स्वस्त डिझेल आपल्याकडे नाहीच. रानात रोटाव्हेटर मारतानाही मी रस्त्याचा उपकर भरतो, आणि 2021 च्या अर्थसंकल्पानं त्यात लिटरमागे 4 रुपयांचा कृषी पायाभूत सुविधा उपकर घातला. आम्हाला करमाफीचं लाल डिझेल मिळावं अशी मागणी तुमची कंपनी सरकारकडे करणार असेल, तर पहिली सही माझी घ्या.

विचारायचंच होतं तर खरे प्रश्न होते. एलडीओ (लाइट डिझेल ऑइल) घातलं का? ते विहिरीवरच्या जुन्या ऑईल इंजिनाला चालून जायचं, या इंजिनाला विष आहे. रॉकेल मिसळलं का? हायवेच्या कडेला टँकरमधून 'बायोडिझेल' म्हणून स्वस्तात मिळतं ते घेतलं का? हे विचारलं असतंत तर मला राग आला नसता. उत्तर तिन्हीला नाही. एकाच पंपावर भरतो, बिलं आहेत. बंद पडल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या पंपावर जाऊन माझ्यासमोर जारमध्ये हायड्रोमीटर सोडायला लावला. घनता चलनावरच्या आकड्यापासून 1 नं इकडेतिकडे होती. 3 पर्यंत फरक चालतो.

आणि जे तुमच्या कुठल्याच फोनवर कुणी ऐकून घेतलं नाही ते हे. तुमच्याच डीलरच्या मेकॅनिकनं माझ्यासमोर चारही इंजेक्टरच्या रिटर्नला, म्हणजे न फवारलेलं डिझेल परत जातं त्या वाटेला, पारदर्शक नळ्या लावल्या आणि इंजिन आयडलवर ठेवलं. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या नळीत डिझेल बोटभर चढेपर्यंत तिसरी काठोकाठ भरली. तो हळूच म्हणाला, "तिसरा गेलाय, मालक." फिल्टरच्या वाटीत पाण्याचा थेंब नव्हता, फिल्टर कापून बघितला तर कचरा नाही. डिझेल एकाच टाकीतून, एकाच रेलमधून चौघांनाही जातं. ते खराब असतं तर तीन इंजेक्टर ठणठणीत आणि एकटा तिसराच बाधला, असं कसं? याचा व्हिडिओ मी काढला आहे. तरीही जॉबकार्डवर 'अयोग्य इंधन', आणि चार इंजेक्टर व पंप बदलायचं 1 लाख 12 हजारांचं एस्टिमेट माझ्या हातात. डिझेल लाल नव्हतं म्हणून!

माझ्या वडिलांनी 1988 साली तुमचाच ट्रॅक्टर घेतला होता. त्याचं बोनेट अजून गोठ्यात आहे, वासरांना पाणी पाजायला. मी दुसऱ्या कंपनीच्या शोरूमची पायरी चढलो नाही ते त्या ट्रॅक्टरमुळे. थोरल्या भावाला या वर्षी घ्यायचा होता, तो आता घेणार नाही. आणि फडावर, कारखान्याच्या वजनकाट्यावर, जिथं जिथं ट्रॅक्टरवाले रांगेत उभे असतात, तिथं कालचा फोन मी मॅडमच्या आवाजासकट ऐकवतो आहे. माझ्याकडेही रेकॉर्डिंग आहे.

तिसरा इंजेक्टर वॉरंटीत बदला, बाकीचे तीन टेस्ट बेंचवर लावून लेखी अहवाल द्या, जॉबकार्डवरचा शेरा खोडा आणि 28 डिसेंबरपासूनचं भाडं भरून द्या. सात दिवस. त्यानंतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार आणि सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज. ट्रॅक्टरला मी मोजलेल्या रकमेवर फी ठरते, ती 200 रुपये आहे आणि 2019 च्या कायद्यानुसार अर्ज मी राहतो त्या जिल्ह्यातच करता येतो. तुमच्या वकिलांना पुण्या-मुंबईहून यावं लागेल. येताना घर तापवायची सोय विचारू नये.

आपला (अजून तरी) ग्राहक,
ता. वाळवा, जि. सांगली

सोबत : पंपाची बिलं, भाड्याच्या पावत्या, जॉबकार्डची प्रत, व्हिडिओची पेनड्राइव्ह.

ता. क. टाकीतल्या डिझेलची बाटलीच पाठवणार होतो, पण कुरिअरवाला घेईना. म्हणून रंगीत फोटो जोडला आहे. मॅडमना दाखवा.